कानगोष्टी : 10 बाय 10 ची खोली आणि खोटं बोलणारा खर्ज

गेल्या अंकात घरच्या रेकॉर्डिंगसाठी माइक कसा निवडावा यावर लिहिलं होतं. पत्रं मात्र निम्म्याहून अधिक स्पीकरबद्दल आली. बरंच झालं. मुंबईत हल्ली कुणाच्याही बेडरूममध्ये डोकावलं तर तिथे पॉडकास्ट, अभंग नाहीतर जाहिरातीचा व्हॉइसओव्हर मिक्स होत असतो, आणि मॉनिटर, म्हणजे मिक्स करताना ऐकायचे खास स्पीकर, ठेवलेले असतात ते जिथे जागा उरली तिथे. म्हणून हा अंक मॉनिटरना. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (मुलुंड) : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच मिक्स करतो. 5 इंची वूफरचे पॉवर्ड मॉनिटर घेतले आहेत. खोली 10 बाय 10. टेबल असं आहे की माझी खुर्ची खोलीच्या जवळजवळ मधोमध येते. घरी पखवाजाला आणि बास गिटारला बूडच नाही असं वाटतं, म्हणून मी खालचा बास वाढवतो. तेच गाणं मित्राच्या गाडीत लावलं की काचा थरथरतात. स्पीकर बदलून 8 इंची घेऊ का? दुकानदार म्हणतो, घ्या.

उत्तर : दुकानदार घ्या म्हणणारच. तुम्ही घेऊ नका. तुमच्या स्पीकरचा यात काही दोष नाही. खोली घोळ घालते आहे, आणि 8 इंची वूफर, म्हणजे स्पीकरमधला बास वाजवणारा मोठा पडदा, त्याच खोलीत आणखी खालचा बास ओतून तो घोळ वाढवेल.

समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट जिची लांबी असते, ती लहर त्या भिंतींमध्ये ठाण मांडून बसते. आपल्या हवेत, म्हणजे 30 अंशांच्या आसपास, आवाज सेकंदाला साधारण 349 मीटर जातो. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. गणित केलं की 57 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 57 कंपनं, येतात. बास गिटारची मोकळी ए तार 55 ला वाजते, म्हणजे अगदी शेजारीच. तुमची खोली चौरस, त्यामुळे लांबीतही 57 आणि रुंदीतही 57. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिथलं उत्तर 60. तिन्ही एकाच ठिकाणी गोळा झाले. लांबट खोलीत हे आकडे विखुरतात आणि कानाला कमी खुपतात. बिल्डरांनी चौरस बेडरूम काढून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं जे नुकसान केलं आहे, त्याची भरपाई कुठल्या कायद्यात बसते कोण जाणे.

तर या ठाण मांडलेल्या लहरीचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. आणि तुम्ही नेमके मध्यावर बसलाय. 57 च्या आसपासचा बास स्पीकरमधून निघतो, खोलीत असतो, पण तुमच्या कानाशी नसतो. त्याच्या दुपटीचा, 114 चा, मात्र मध्यावर फुगतो. तुम्ही न ऐकू येणारा बास वाढवता आणि तो फाइलमध्ये खरोखरच वाढतो. गाडीत तो खड्डा नाही. उलट गाडीची छोटी बंद जागा खालचा बास आणखी उचलून धरते.

विश्वास बसत नसेल तर फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट ॲप घ्या, केबलने मॉनिटरला जोडा, 57 हर्ट्झ लावा. आवाज बेताचा ठेवा, वूफर लहान आहे. आधी खुर्चीत बसून ऐका, मग उठून कोपऱ्यात जा. कोपऱ्यात उभं राहिल्यावर वेगळा पुरावा लागणार नाही.

आता हलवाहलवी. याला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक हे शेवटी करतात.

आधी कुठल्या भिंतीकडे तोंड करायचं ते ठरवा. डाव्या-उजव्या हाताला शक्यतो सारखं काहीतरी यायला हवं. दार आणि खिडकी पुढे-मागे गेली तर उत्तम. डाव्या कानाशी लोखंडी कपाट आणि उजव्या कानाशी उघडी खिडकी असेल, तर गायक कधीच मधोमध उभा राहणार नाही. कपाट हलवता येत नसेल तर निदान त्याच्या डोक्यावरचे डबे आणि सुटकेस काढा, बास वाजला की ते किणकिणतात आणि तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये खरखर शोधत बसता.

मग खुर्ची. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या 38 टक्क्यांवर डोकं आणा, म्हणजे तुमच्याकडे 3 फूट 10 इंच. हा आकडा देवाने दिलेला नाही. सुरुवातीला बरा, एवढंच. त्यानंतर अर्धा-अर्धा फूट पुढे-मागे सरकून ऐकायचं. कीबोर्डवर खालच्या दोन सप्तकांतले सूर एकेक करून सारख्या जोराने वाजवा आणि जिथे कमीत कमी सूर गायब होतात तिथे फरशीवर चिकटपट्टी लावा.

स्पीकर समोरच्या भिंतीजवळ ठेवा. पुस्तकांत उलटं लिहिलेलं असतं, भिंतीपासून दूर ओढा म्हणून. ते मोठ्या खोलीसाठी. स्पीकरमागची भिंत आवाज परत पाठवते आणि तो सरळ येणाऱ्या आवाजाला एका ठरावीक सुरावर खोडतो. भिंतीपासून स्पीकरच्या तोंडापर्यंतचं अंतर त्या लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकं असलं की हे होतं. स्पीकर 3 फूट पुढे ओढलात तर खोडलेला सूर 95 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे डग्ग्याच्या आणि पखवाजाच्या वाटेवर. भिंतीजवळ, तोंड 13 इंचांवर ठेवलंत तर तो 265 च्या आसपास सरकतो. तिथे आवाज शोषणारं जाड पॅनल काहीतरी करू शकतं, 95 ला जवळपास काहीच नाही. मागे पोर्टचं, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर करणारं, भोक असेल तर 3-4 इंच मोकळे सोडा. भिंतीजवळ गेल्याने खालचा आवाज एकूणच चढेल. स्पीकरच्या पाठीवर त्यासाठीच 2 किंवा 4 डेसिबल उतरवणारी बटणं असतात. बहुतेकांनी ती कधी पाहिलेलीही नसतात.

आता त्रिकोण. दोन ट्वीटर (स्पीकरमधले वरचे सूर वाजवणारे छोटे पडदे) आणि तुमचं डोकं, तिन्ही अंतरं सारखी. वरच्या मापांप्रमाणे तुमच्याकडे ही बाजू 38 इंच येते, आणि प्रत्येक ट्वीटर बाजूच्या भिंतीपासून 41 इंचांवर. टेपने हवेत मापण्यापेक्षा 38 इंचांची सुतळी घ्या आणि तिन्ही बाजूंना धरून बघा. स्पीकर आत वळवून तुमच्या डोक्याकडे रोखा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा, बसलेल्या माणसाचा कान साधारण 4 फुटांवर असतो. टेबल बुटकं असेल तर स्पीकर टेबलाच्या मागे स्वतंत्र स्टँडवर जाऊ द्या, सनमायक्यावरून उसळणारा आवाज तेवढाच कमी. स्पीकर आडवे झोपवू नका. वूफर आणि ट्वीटर शेजारी-शेजारी आले की डोकं 4 इंच हललं तरी आवाजाचा रंग बदलतो.

शेवटी पॅनल. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवायला सांगा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे पॅनल. दोन्ही भिंतींवर आणि जमलं तर डोक्यावर छताला. दर घनमीटरला 48 किलो घनतेची रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), 4 इंच जाड, 4 फूट बाय 2 फूट लाकडी चौकटीत, वरून सुती कापड. चौकट तुमच्या गल्लीतला सुतारही करून देईल. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. पॅनल भिंतीपासून 2 ते 4 इंच सोडून टांगा, मागच्या हवेमुळे ते आणखी खालपर्यंत काम करतं. आणि पाठीमागचा कापसाच्या गादीचा पलंग असेल तर तो हलवू नका. जास्तीच्या गाद्यांची चळत कोपऱ्यात उभी करता आली तर तीही करा. घरी पाहुणे आले की तुमचा बास बदलेल, पण त्याला इलाज नाही.

इतकं करूनही 60 च्या खालचं चित्र 10 बाय 10 मध्ये पूर्ण खरं होणार नाही. तेवढ्यापुरता चांगला हेडफोन घ्या आणि त्यावर निवाडा करा.

प्रश्न (गिरगाव) : ताई, मी कॉलेजात शिकते आणि चाळीतल्या खोलीत ऑडिओबुकचं एडिटिंग-मिक्सिंग करते. रात्रीच निवांत वेळ मिळतो. शेजारच्यांना त्रास नको म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा ऑनलाइन मिळतो तो फोम लावू का? आणि आवाज किती मोठा ठेवला की मिक्स बरोबर येतं?

उत्तर : अंड्यांच्या ट्रेने झुरळं येतात, बाकी काही होत नाही. फोम खोलीतला वरच्या पट्टीचा खणखणाट थोडा कमी करतो, पण आवाज पलीकडे जायचा थांबवत नाही. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बंद असावी लागते, म्हणजे जड भिंत, जड दार, दाराखाली रबराची पट्टी, खिडकीला दुसरी काच. लाकडी पार्टिशन आणि वर जाळीची झडप असलेल्या चाळीच्या खोलीत हे होणार नाही, त्यावर पैसे घालू नकोस.

आवाजाची पातळी हा खरा प्रश्न आहे. कान सगळ्या आवाजात सगळे सूर सारखे ऐकत नाहीत. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून मांडलं : आवाज लहान केला की कानाला बास आधी कमी पडतो. रात्री हळू आवाजात मिक्स केलंस तर तू बास वाढवणार, आणि दणदणीत आवाजात केलंस तर कमी करणार. म्हणून एक पातळी ठरवायची आणि तिथेच काम करायचं. सिनेमाच्या मिक्सिंग थिएटरात ती 85 डेसिबल असते. तुझ्या खोलीत तेवढी कानावर येईल. 74 ते 76 पुरे. पिंक नॉइजची (सगळे सूर मिसळलेल्या सततच्या खळखळाटाची) फाइल उणे 20 डेसिबलला घ्यायची, एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवायचा, साउंड लेव्हल मीटर ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ या सेटिंगवर ठेवून डोक्याच्या जागी धरायचा, आणि आकडा येईपर्यंत नॉब फिरवायचा. दोन्ही स्पीकरचा आकडा सारखा आला पाहिजे. मग नॉबवर त्या जागी कपाळाची टिकली लाव. माझ्या सगळ्या नॉबांवर आहे.

ही पातळी दिवसाची. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे, आणि चाळीत तर नियमाआधी शेजारच्या काकू येतील. तेव्हा कामाची वाटणी कर. रात्री हेडफोनवर कापाकापी, श्वास, तोंडाचे चटचट आवाज काढणं. दुपारी टिकलीवर बसून आवाजाचा रंग आणि पार्श्वसंगीत. आणि मॉनिटर अगदी हळू करून एकच गोष्ट तपास : संगीताच्या वर प्रत्येक शब्द कळतो का. ऑडिओबुक लोक लोकलमध्ये उभ्याने ऐकतात. हळू आवाजात जो शब्द बुडला तो कुर्ल्याला नक्की बुडणार.

प्रश्न (विलेपार्ले) : जुन्या स्टुडिओंच्या फोटोत पांढऱ्या वूफरचे काळे स्पीकर दिसतात. तशी एक जुनी जोडी मला मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : ते यामाहाचे एनएस-10. 1978 साली घरात गाणी ऐकण्यासाठी काढले, स्टुडिओवाल्यांनी उचलले, 2001 मध्ये उत्पादन बंद झालं. बंद पेटीमुळे त्यांचा बास लवकर थांबतो, रेंगाळत नाही, त्यामुळे ढोलकी आणि बासचं एकमेकांशी जमतंय की नाही हे चटकन कळतं. मधल्या पट्टीत ते बोचतात, आणि निवेदन किंवा हार्मोनिअम जरा जरी कर्कश असेल तरी लगेच चुगली करतात. ट्वीटर इतका तिखट की लोक त्यावर टिश्यू पेपर लावत. खालचा बास मात्र नाहीच, आणि त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

दुसरी जोडी म्हणून ठीक. पहिली आणि एकमेव म्हणून नको. आणि 20-25 वर्षं वापरलेला वूफर कुणाच्या हातून कसा गेला आहे ते बाहेरून कळत नाही. नावासाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर ते रॉकवूलवर घाला.

प्रश्न (परळ) : नवे मॉनिटर लावले तेव्हापासून बारीक हूंऽऽ असा आवाज येतो. लॅपटॉप चार्जरला लावला की वाढतो. ओळखीचा एक जण म्हणाला, प्लगची जाड पिन काढून टाक, आवाज जाईल.

उत्तर : त्या ओळखीच्या माणसाला तुमच्या घरातल्या कुठल्याही वायरीला हात लावू देऊ नका. जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती काढल्यावर हूं जाईलही, पण पुढे कधी आत बिघाड झाला तर स्पीकरच्या धातूच्या पाठीत करंट येईल आणि तो तुमच्या हातातून वाट काढेल.

आधी हूं कुठून येते ते शोधा. स्पीकरची सिग्नलची केबल उपटा, वीज चालू राहू द्या. आवाज राहिला तर दोष स्पीकरमध्ये किंवा विजेच्या बाजूला. थांबला तर तो केबलमधून येतोय, आणि तुमच्या वर्णनावरून तेच दिसतं. लॅपटॉप, इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज स्पीकरकडे नेणारा डबा) आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंगला जोडले जातात, त्यांच्यात वेटोळं तयार होतं आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण त्यात शिरते. सगळी यंत्रं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरा, म्हणजे टीआरएस किंवा एक्सएलआर. डीव्हीडी प्लेअरला असायची ती लाल-पांढरी आरसीए नको. लॅमिंग्टन रोडवर तयार मिळतात. घेताना टीआरएसच्या टोकावर दोन काळी कडी आहेत ना ते मोजून घ्या, एक असेल तर ती साधी मोनो केबल.

आणि एक. परळच्या जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्यामागे वायरच नसते, असं बघितलं आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ते गाण्यासाठी नाही, जिवासाठी.

प्रश्न (बोरिवली) : खोली मोजून स्पीकर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे. मग पॅनल, त्रिकोण वगैरे कशाला?

उत्तर : कारण सॉफ्टवेअर फुगवटा कापू शकतं, खड्डा भरू शकत नाही. मुलुंडच्या वाचकांच्या खुर्चीशी 57 हर्ट्झ नाहीत, ते तिथे लाटांच्या भांडणात मरतात. तुम्ही 6 डेसिबल वाढवलेत तर अॅम्प्लिफायरला चौपट ताकद लागते, वूफर धापा टाकतो, आणि भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना सारखीच रसद गेल्यामुळे खड्डा तिथेच राहतो. एक फूट सरकलात तर फुकटात सुटतो.

मोजण्याच्या मी विरोधात नाही. रूम ईक्यू विझार्ड फुकट आहे. फोनचा माइक मात्र यासाठी नको, खालच्या सुरांत तो भरवशाचा नसतो. कॅलिब्रेशन फाइलसह (त्या माइकच्या चुका सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या फाइलसह) येणारा मोजमापाचा माइक घ्या किंवा कुणाचा तरी दोन दिवस मागून आणा. पंखा बंद, फ्रिजचा कंप्रेसर थांबलेला, खाली रिक्षा नाही, असा मुहूर्त शोधा. डोक्याच्या जागी आणि आजूबाजूला वीतभर अंतरावर चार-पाच मापं घ्या. फक्त एका जागेचं माप घेऊन केलेली दुरुस्ती मान हलवली की निरुपयोगी. खुर्ची हलवा, मापा. स्पीकर हलवा, मापा. पॅनल लावा, मापा. शेवटी जे दोन-तीन फुगवटे उरतील ते सॉफ्टवेअरने खाली आणा, 300 हर्ट्झच्या वर शक्यतो हात लावू नका.

दुरुस्तीचं प्लगइन मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येऊन बाहेर पडतात त्या शेवटच्या टप्प्यावर, बसवलं असेल तर फाइल काढण्याआधी ते बंद करा. नाहीतर बोरिवलीच्या बेडरूमची दुरुस्ती गाण्यात कोरली जाते आणि क्लायंटला वाटतं तुम्हाला बास ऐकूच येत नाही. मला आलेल्या फाइलींत हा प्रकार इतका असतो की मी आधी तेच विचारते.

प्रश्न (दादर, समुद्राजवळ) : पावसाळ्यात मॉनिटर झाकून ठेवायचे का? प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या आहेत.

उत्तर : काढा. प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. सुती कापड टाका. रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल निघते. समुद्राजवळ खारी हवा जॅक काळे पाडते, म्हणून वर्षातून एकदोनदा केबल काढून टोकं कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. नवीन घ्यायचे असतील तर वूफरच्या कडेची गोल पट्टी रबराची आहे का ते बघा. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत चुरा होऊन गळते.